ग्लँडची दोरी

दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं, "बहिणीकडे इंग्लंडला जाताच आहात, तर तिथल्या कालव्यांवर होडीत राहणाऱ्यांवर लिहा. फोटो छान मिळतील." फोटो छान मिळालेही. मिल्टन कीन्सला बहिणीच्या घरापासून दहा मिनिटांवर ग्रँड युनियन कालवा आहे. काठाला ओळीने लागलेल्या लांबोडक्या नॅरोबोटी, रुंदी जेमतेम सात फूट, लांबी कुणाची चाळीस, कुणाची सत्तर. टपावर सरपण, सायकल, सोलर पॅनेल, आणि धुराड्यातून निघणारा धूर. पण पहिल्याच संध्याकाळी एका होडीच्या मागच्या खोबणीत एक वयस्क गृहस्थ पालथे पडून, खांद्यापर्यंत हात खाली घालून काहीतरी पिळताना दिसले. तिथून माझं लक्ष पुन्हा फोटोंकडे गेलंच नाही.

पेशाने ते फिटर. एकोणीस वर्षं होडीतच राहतात आणि कालव्यावर फिरत इतरांची इंजिनं दुरुस्त करतात. नाव छापू नका म्हणाले. ते पिळत होते ती ग्रीस भरलेली पितळी नळी होती. दिवसभर होडी चालवून झाली, की तिची मूठ हाताला जड लागेपर्यंत फिरवायची, हा त्यांचा रोजचा नेम.

त्यामागचं कोडं साधं आहे. इंजिन होडीच्या आत, पंखा बाहेर पाण्यात. दोन्ही जोडणारा दांडा पाण्याच्या पातळीखाली होडीच्या पोलादातून आरपार जातो. म्हणजे घराला भोक आहे, त्यात फिरता दांडा आहे, आणि घर बुडता कामा नये. दांड्याभोवती पेटीत ग्रीस मुरलेल्या विणलेल्या दोरीची तीन-चार वेटोळी बसवतात आणि दोन नटांनी ती दाबतात. हाच ग्लँड; नळीची मूठ फिरवली की ग्रीस याच्यातच शिरतं. मला वाटलं होतं, नट जितके घट्ट तितकं बरं. त्यांनी मान हलवली. "फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब यायलाच हवेत. त्या पाण्यानेच दांडा थंड राहतो. घट्ट आवळलात तर दोरी जळेल, दांड्यावर चरे पडतील, आणि मग कितीही दोरी भरा, पाणी थांबणार नाही." होडी उभी असताना मात्र एकही थेंब नको.

मी हे आधी पाहिलेलं होतं. आमच्या मळ्यात विहिरीवरच्या पंपाला हीच दोरी असे. वडील पंप सुरू करून उकिडवे बसत आणि थेंबांकडे बघत नटाला पाव फेरा देत. 'ग्लँडची दोरी आण' म्हणून मला तालुक्याला पिटाळलेलं आठवतं. हे सांगितल्यावर गृहस्थांनी मला सरळ खाली बोलावलं आणि दोरी कशी कापतात ते दाखवलं: दांड्याच्याच जाडीच्या नळीवर गुंडाळायची, सुरीने तिरका काप द्यायचा, आणि बसवताना प्रत्येक वेटोळ्याचा सांधा आधीच्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने पुढे ठेवायचा, म्हणजे पाण्याला सरळ वाट मिळत नाही. वडीलही सांधे असेच चुकवत.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्या फलकांवर लिहिलेला आहे. 1761 साली जेम्स ब्रिंडलीने बांधलेल्या ब्रिजवॉटर कालव्यातून वर्स्लीच्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला पोचू लागला. मग देशभर कालवे झाले, रेल्वेने त्यांचा धंदा खाल्ला, 1948 मध्ये बहुतेक कालवे सरकारी झाले. 1962-63च्या हिवाळ्यात पाणी आठवडेच्या आठवडे गोठून राहिलं आणि उरलीसुरली मालवाहतूकही मोडली. एल. टी. सी. रोल्ट यांच्या 1944च्या 'नॅरो बोट' या पुस्तकामुळे हे पाणी राहण्या-फिरण्यासाठी जपावं असं लोकांना वाटू लागलं. आज सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळतो, 2012 पासून.

होडीतल्या घरात कुठलीच गोष्ट आपोआप येत नाही आणि आपोआप जातही नाही. गृहस्थांच्या होडीत नाकाशी पाचशे लिटरची पाण्याची टाकी आहे, ती त्यांना दहा दिवस पुरते. विजेचं खातं त्याहून कडक. शिशाच्या बॅटऱ्या निम्म्याखाली उतरू द्यायच्या नाहीत, नाहीतर पत्र्यांवर सल्फेट धरतं आणि बॅटरी म्हातारी होते. इंग्लंडच्या डिसेंबरात सोलर पॅनेल नावालाच, म्हणून रोज तास-दोन तास इंजिन चालवायचं. संडासाची वीस लिटरची पेटी स्वतः उचलून ठरलेल्या ठिकाणी रिकामी करायची. शेगडी रात्रभर धुमसते, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा हवाच. 1 एप्रिल 2019 पासून होडीच्या सुरक्षा तपासणीत तो सक्तीचा आहे. पोलाद तळाला दहा मिलिमीटर, बाजूंना सहा. दर दोन-तीन वर्षांनी होडी कोरड्यावर घेऊन डांबरी रंग द्यायचा आणि कडेला मॅग्नेशियमचे ठोकळे जोडायचे. गंज पोलादाऐवजी त्यांना खातो. एक जुना ठोकळा त्यांनी माझ्या हातात दिला. पावसात सापडलेल्या गुळाच्या ढेपेसारखा तो खचला होता, सुरकुतला होता.

हे सगळं माणसाच्या हातातलं. त्यांची खरी काळजी होडीच्या बाहेरची आहे.

कालवाही एक भांडंच आहे, आणि तोही जपावा लागतो. ब्रिंडलीच्या काळी तळाला आणि बाजूंना चिखलमाती पाणी घालून तुडवून, थरावर थर देऊन बसवली. ही माती ओली आहे तोवर पाणी धरते, वाळली की तडकते. त्यात लॉक, म्हणजे होडी चढवायची-उतरवायची पाण्याची पायरी. रुंद लॉकमधून एक होडी गेली की अडीच लाख लिटरच्या आसपास पाणी खाली जातं, आणि ते वरच्या तलावांतून भरून यावं लागतं. 2025च्या कोरड्या उन्हाळ्यात तलाव आटले आणि लीड्स-लिव्हरपूल कालव्याची मोठी लांबी होड्यांना बंद करावी लागली. त्याच वर्षी 1 जानेवारीला उलटं घडलं होतं. अतिवृष्टीत चेशरमध्ये ब्रिजवॉटर कालव्याचा बांध फुटला आणि पाणी शेतांत गेलं. तो कालवा ट्रस्टचा नाही, खासगी मालकीचा आहे, पण मातीचे बांध सगळीकडेच जुने आहेत.

आणि नेमका याच वेळी पैसा आटतोय. ट्रस्टला मिळणारं सरकारचं अनुदान 2027 पासून दरवर्षी कमी होत जाणार आहे. ज्यांना कायमचा थांबा नाही, त्यांना 1995च्या कायद्याप्रमाणे एका जागी चौदा दिवसांहून जास्त थांबता येत नाही. अशांच्या परवान्यावर 2024 पासून जादा आकार बसला आहे. घरभाडं परवडत नाही म्हणून होडीत आलेली पुष्कळ माणसं याच गटात मोडतात, आमचे फिटरही. जादा पैसे देण्याची त्यांची तक्रार नाही. "पण पुढे लॉक बंद असेल तर मी सरकू कुठे?" हा त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. पाणी असेल, लॉकचे दरवाजे चालत असतील, तरच चौदा दिवसांचा नियम पाळता येतो. ज्या माणसांचं सगळं आयुष्य डागडुजीत जातं, त्यांच्याच पायाखालची डागडुजी लांबणीवर पडावी, याचं मला फार वाईट वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा गेलो. काठाच्या दगडावर पाण्याची जुनी ओली रेघ दिसत होती, आणि पाणी तिच्या वीतभर खाली. ग्लँडमध्ये नवी दोरी भरून झाली होती. त्यांनी इंजिन सुरू केलं आणि आम्ही दोघं खाली वाकून थेंब मोजले. तीन. मग ते काठावर आले आणि दोन्ही खुंट्यांचे दोर हातभर सैल केले. रात्रीत पाणी आणखी उतरलं आणि दोर ताणलेलेच राहिले, तर होडी एका कुशीवर लटकते, म्हणाले.