जहाजाच्या रंगावरची पहिली वस्ती

सुक्या गोदीत आलेल्या जहाजाच्या बुडाला हात लावला, तर बोटांना बुळबुळीत थर लागतो. ही जिवाणूंची वस्ती. तिच्याविषयीचे गैरसमज जहाजाला आणि समुद्राला, दोघांनाही महाग पडतात.

गैरसमज : ताज्या रंगावर काही बसत नाही.
वस्तुस्थिती : जहाज पाण्यात उतरल्यावर काही मिनिटांतच पाण्यातली प्रथिनं आणि शर्करा रंगावर चढतात. या अदृश्य लेपावर काही तासांत जिवाणू बसतात आणि चिकट स्राव सोडून घट्ट धरून राहतात. मग डायटम ही एकपेशीय शैवालं येतात. कवचवाल्या बार्नॅकलची पाळी सहसा त्यानंतरची.

गैरसमज : तांबं सगळ्यांना मारतं.
वस्तुस्थिती : १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या युद्धनौकेचं बूड तांब्याच्या पत्र्याने मढवलं. आजच्याही अनेक रंगांत क्यूप्रस ऑक्साइड हे तांब्याचं संयुग असतं. त्याने बार्नॅकलच्या अळ्या रोखल्या जातात. पण काही जिवाणू आणि डायटम तांबं पचवतात. त्यांचा चिकट स्राव तांब्याचे आयन अडवून धरतो.

गैरसमज : निसरड्या सिलिकॉन रंगावरून सगळं धुऊन जातं.
वस्तुस्थिती : बार्नॅकलची पकड तिथे कच्ची राहते आणि जहाज वेगात चाललं की ती गळून पडतात. जिवाणूंचा थर मात्र अगदी पातळ असतो. बुडाला लागून पाणी जवळजवळ थबकलेलं असतं, तिथेच तो टिकून राहतो.

गैरसमज : नुसत्या बुळबुळीने काय बिघडतं?
वस्तुस्थिती : घर्षण वाढतं आणि तोच वेग राखायला जास्त इंधन जळतं. शिवाय हायड्रॉइडिस एलेगन्स या नळीत राहणाऱ्या किड्याच्या अळ्यांना जिवाणूंचा थर म्हणजे ‘इथे बसा’ असा संकेतच. उलट, स्यूडोअल्टेरोमोनास ट्यूनिकाटा हा जिवाणू अळ्यांना आणि शैवालाच्या बीजाणूंना रोखणारी रसायनं बनवतो. म्हणून थरात कोणते जिवाणू आहेत, हेही पाहावं लागतं.

गैरसमज : मग आणखी जहाल विष वापरावं.
वस्तुस्थिती : ट्रायब्युटिलटिन हे रंगातलं विष तसंच जहाल होतं. त्याने फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरातल्या कालवांची कवचं वेडीवाकडी झाली, पैदास कोसळली. १९८२ मध्ये फ्रान्सने लहान बोटींवर ते वापरायला बंदी घातली. त्यावर बंदी घालणारा २००१ चा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये अमलात आला.

जिवाणूंना कायमचा अटकाव करणारा रंग अजून नाही. म्हणून रंग जहाजाच्या वापराप्रमाणे निवडावा लागतो : सतत धावणाऱ्या जहाजाला सिलिकॉन शोभतं, बंदरात महिनोन्महिने उभ्या बोटीला ते तितकं उपयोगी पडत नाही. आणि रंग कोणताही असो, थर कोवळा असतानाच मऊ ब्रशने पुसला, तर रंग वाचतो, इंधन वाचतं आणि पाण्यात विषही कमी उतरतं.