गळ टाकण्याआधी पाणी कोणाचं ते विचारा

शिरपूर परिसरात हौशी मासेमारीची सहल आखायची किंवा स्पर्धेत उतरायचं, तर काठी आणि आमिषाच्या आधी काय ठरवावं लागतं?

पावसाळा सरून पाणी निवळलं, की गळ टाकायला हात शिवशिवणारी माणसं प्रत्येक गावात असतात. शिरपूरकरांना त्यासाठी लांब जावं लागत नाही. दक्षिणेला तापी आहे. गावाला लागून अरुणावती आणि तिच्यावर करवंदचं धरण आहे. तालुक्याच्या पूर्व अंगाला अनेर आहे. सुलवाडे आणि सारंगखेड्याच्या बॅरेजमुळे तापीच्या पात्रात पावसाळ्यानंतरही पाणी अडून राहतं. भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या ‘शिरपूर पॅटर्न’मधून २००४ पासून नाले रुंद आणि खोल झाले, त्यांच्यावर बंधारे बांधले गेले. जिथे उन्हाळ्यात धूळ उडायची, तिथेही पाणी दिसू लागलं.

त्यात मोबाइलवरच्या व्हिडिओंनी हौस वाढवली. काठी-रिळाचा संच घरपोच येतो, चार मित्र जमतात, गाडी निघते. आणि काठावर पोचल्यावर कोणीतरी उभा राहून विचारतो, ‘‘कोनले इचारीसन उनात भाऊ?’’ बहुतेक सहलींचा विचका इथे होतो. मासे लागले की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

मासे कोणी सोडले?

आपल्या तलावांत गळाला लागणारे मोठे मासे म्हणजे मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ. तिघेही मूळचे वाहत्या नदीचे, पुराच्या पाण्यात अंडी घालणारे. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा विणत नाहीत. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवून आणलं. तेव्हापासून तलावात बीज सोडून मासे वाढवणं देशभर शक्य झालं. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्याच कामाची आठवण आहे.

मत्स्यबीज केंद्रात आधी मत्स्यजिरे तयार होतात, मग ती बोटभर वाढवून बोटुकली होते. मच्छीमार सहकारी संस्था ही बोटुकली पैसे मोजून आणतात, पाण्यात सोडतात आणि मासा विकण्याजोगा होईपर्यंत राखण करतात. खानदेशात या संस्थांमध्ये भोई, कोळी, भिल्ल अशी पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगणारी कुटुंबं असतात. म्हणजे ठेक्याच्या तलावातला तीन किलोचा कटला बहुतेक वेळा कोणीतरी पेरलेलं पीक असतं. आपण त्याला हौस म्हणून गळाला लावतो, तेव्हा कोणाचा तरी हिस्सा उचलत असतो.

परवानगी कोणाकडे मागायची, हे पाण्यावर अवलंबून आहे. सिंचन प्रकल्पाची भिंत आणि साठा जलसंपदा विभागाचा असतो. तिथल्या मासेमारीचा हक्क मात्र मत्स्यव्यवसाय विभागाच्या धोरणानुसार ठेक्याने दिला जातो आणि त्यात सहकारी संस्थांना प्राधान्य असतं. गावतळ्यासाठी ग्रामपंचायतीकडे जावं लागतं. शिरपूर तालुक्यातली सातपुड्याच्या पायथ्याची कित्येक गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या लहान पाणीसाठ्यांचं व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवलं आहे. तिथे गावाला विचारल्याशिवाय काठी उघडू नये. शेततळं असेल तर मालकाचा शब्द पुरतो.

अनेर धरणाची गोष्ट वेगळी. हा परिसर १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या व्याख्येत मासा हाही प्राणीच आहे आणि अभयारण्यातून परवानगीशिवाय वन्यजीव काढणं गुन्हा आहे. मासा धरून परत सोडला, ही सबबही फारशी कामाची नाही. कर्नाटकात कावेरी अभयारण्यातली महाशीर माशासाठी जगभर नावाजलेली गळाची शिबिरं याच कायद्यामुळे बंद करावी लागली. अनेरला दुर्बीण घेऊन जावं, गळ नेऊ नये.

ठेक्याच्या पाण्यासाठी रीत सोपी आहे. आठवडाभर आधी संस्थेच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना भेटावं. तारीख, माणसं किती, काठ्या किती, मासे नेणार की सोडणार, हे सांगावं. ते सांगतील ती रक्कम द्यावी आणि पावती घ्यावी. जाळी कुठे लावली आहेत, हेही विचारून ठेवावं. पाण्यावर तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि थर्माकोलचे तुकडे सहसा जाळ्याच्या खुणा असतात. तिथे गळ अडकला तर आपली दोरी तुटते आणि त्यांचं जाळं फाटतं. काठावरची निम्मी भांडणं यातूनच होतात.

दिवस कोणता, वेळ कोणती?

खानदेशात हंगाम ठरवतं ते तापमान. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तो साडेसातवर येतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी उथळ पाणी तापलं, की मासा खोल जातो आणि खाणं टाळतो. त्या दिवसांत पहाट आणि सूर्यास्ताच्या आसपासचा तास एवढाच उपयोगाचा. डिसेंबर-जानेवारीत उलटं होतं. सातपुड्यावरून गारठा उतरला, की कटला-रोहू सुस्तावतात. तेव्हा पहाटे पाचला कुडकुडत बसण्यापेक्षा ऊन वर आल्यावर, दुपारी बारा ते चारच्या दरम्यान गळ टाकलेला बरा. सगळ्यात चांगले दिवस म्हणजे ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य आणि फेब्रुवारी ते मार्चचा मध्य.

रब्बीसाठी कालव्याला आवर्तन सुटलं, की धरणाची पातळी खाली येऊ लागते. काल ज्या काठावर मासे चरत होते, तो आज कोरडा किंवा गुडघाभर पाण्याचा असतो. म्हणून निघण्याआधी आवर्तन चालू आहे का, ते विचारावं. पातळी उतरत असेल, तर भिंतीजवळचा प्रतिबंधित भाग सोडून जुन्या नदीपात्राच्या बाजूचा खोल काठ धरावा.

जुलै-ऑगस्टमध्ये गळ घरी ठेवावा. माशांचा विणीचा काळ तोच आणि पुराचाही तोच. वरच्या अंगाला तापीवर असलेल्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडायला लागले, की तापीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा दिला जातो. वर जळगाव जिल्ह्यात पडलेला पाऊस इथे कोरड्या आभाळाखाली पाणी वाढवतो. पात्रातल्या खडकावर बसलेल्या माणसाला ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

कोणता मासा, कोणत्या थरात?

तळ्यात मासे वाटेल तिथे फिरत नाहीत. कटला वरच्या थरात खातो. त्याचं तोंडही वर वळलेलं असतं. रोहू मधल्या थरात असतो. मृगळ आणि सायप्रिनस तळाचा गाळ चिवडतात. त्यामुळे आमिष तेच ठेवून फक्त बूच वर-खाली सरकवलं, तरी लागणारा मासा बदलू शकतो. गवत्या पाणवनस्पती खातो. मरळ आणि शिंगाळा शिकारी आहेत. त्यांना कणकेत रस नसतो. मरळीची जोडी पिल्लांची राखण करताना दिसली, तर तिला हात लावू नये. पालक गेले की पिल्लांचा थवा इतर माशांच्या तोंडी जातो.

आमिषासाठी खानदेशात दुकान शोधावं लागत नाही. शेंगदाण्याची पेंड भिजवून, त्यात भाजलेलं बेसन आणि कणीक मळली की कार्प जातीच्या माशांना पुरतं. थोडी पेंड गोळे करून आधी पाण्यात टाकतात, म्हणजे मासे त्या जागी येऊन रेंगाळतात. पण पोतंभर टाकली, तर ती तळाशी कुजते आणि पाण्यातला प्राणवायू खाते. उन्हाळ्यात उतरलेल्या लहान बंधाऱ्यात हा हिशेब महागात पडतो.

नवख्याने महागड्या सामानाच्या मागे लागू नये. सहा-सात फुटांची काठी, साधं रीळ, तंगूस, शिसं, बूच, लहान-मोठे गळ, मासा अलगद उचलायची जाळी आणि गळ काढायला लांब चिमटा एवढं पुरतं. सोबत भरपूर पाणी, टोपी, प्रथमोपचाराची पेटी आणि पाण्याजवळ जाणाऱ्या प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट हवं. कार्बनच्या काठीतून वीज वाहते. त्यामुळे काठावरून जाणाऱ्या वीजतारांखाली ती उभी धरू नये आणि ढग गडगडले की खाली ठेवावी. तुटलेला तंगूस काठावर टाकला, तर त्यात बगळे आणि पाणकावळे अडकून मरतात. तो गोळा करून परत आणावा.

स्पर्धेचं गणित

महाराष्ट्रात हौशी मासेमारीचं जुनं ठिकाण म्हणजे मुंबईचा पवई तलाव. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन तिथे कित्येक दशकं आहे. पश्चिम बंगालमध्ये तिकीट काढून तळ्यावर गळ टाकण्याची रीत रुळलेली आहे. दोन्हीकडे पाया एकच: हौशी माणूस पैसे देतो आणि पाण्याची निगा राखणाऱ्याला त्याचा मोबदला मिळतो.

स्पर्धांना वळण मिळालं ते अमेरिकेत. रे स्कॉट यांनी १९६७ मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर बास माशाची मोठी स्पर्धा भरवली. स्पर्धा वाढल्या तशी मेलेल्या माशांच्या ढिगांवर टीका होऊ लागली. १९७२ मध्ये त्यांनी मासा जिवंत ठेवून, वजन करून परत सोडण्याची मोहीम सुरू केली. आज अनेक ठिकाणी वजनकाटाही नसतो. मासा ओल्या मोजपट्टीवर ठेवायचा, त्या दिवशी मिळालेल्या क्रमांकाच्या चिठ्ठीसह फोटो काढायचा आणि लगेच सोडायचा. चिठ्ठीमुळे जुना फोटो खपवता येत नाही. गुण सेंटिमीटरवर मिळतात.

पहिल्यांदा भाग घेणाऱ्याने नियमपत्रिकेत काही गोष्टी आधी पाहाव्यात. गुण लांबीवर आहेत की वजनावर? एकाला किती काठ्या चालतात? जिवंत आमिष चालतं का? जागा चिठ्ठ्या टाकून मिळते की आधी येईल त्याला? मेलेल्या माशाचे गुण कापतात का? हरकत कधीपर्यंत घेता येते? यातलं काही लिहिलेलं नसेल, तर ती स्पर्धा वादात संपणार, हे धरून चालावं.

मासा सोडण्याचंही तंत्र असतं. उलटा काटा नसलेला किंवा पक्कडीने दाबलेला गळ वापरावा. मासा धरण्याआधी हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जंतुसंसर्ग होतो. कल्ल्यात बोटं घालू नयेत. पाण्याबाहेरचा प्रत्येक क्षण त्याला महाग पडतो, म्हणून मोजपट्टी आणि कॅमेरा आधी तयार ठेवावा. पाणी तापलेलं असताना सोडलेला मासाही नंतर मरू शकतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये इथे स्पर्धा भरवूच नये.

शिरपूर परिसरात स्पर्धा भरवायची झाली, तर एक नियम वेगळा हवा. चिलापी ही मासळी १९५२ मध्ये भारतात आणली गेली. ती साठलेल्या पाण्यातच भराभर विणते आणि इतर माशांच्या खाद्यावर हात मारते. तेव्हा कटला-रोहू-मृगळ मोजून सोडावेत. चिलापी मात्र सोडू नये, तिच्या एकूण वजनाला स्वतंत्र बक्षीस ठेवून सगळी संस्थेला विक्रीसाठी द्यावी. महाशीर लागला, तर तो विनाअट पाण्यात जावा. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०११ मध्ये त्याला राज्यमासा केलं, ते त्याची संख्या रोडावल्यामुळेच. पंच म्हणून संस्थेचेच सभासद नेमावेत, त्यांना मानधन द्यावं आणि प्रवेशशुल्काचा ठरलेला वाटा पुढच्या हंगामाच्या बोटुकलीसाठी काढून ठेवावा. सुरुंग आणि विष टाकून मासे मारण्यावर १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. स्पर्धेच्या निमित्ताने काठावर चार डोळे वाढले, तर असे प्रकार रोखायलाही मदत होईल.

हौस आणि पोट एकाच पाण्यावर नांदू शकतात, पण पुढाकार हौशी माणसानेच घ्यायला हवा, कारण त्याचं काही अडलेलं नसतं. या हंगामात निघायचं असेल, तर आधी संस्थेच्या सचिवांना भेटा, पावती घ्या; काठी त्यानंतर विकत घेतली तरी चालेल.