ताणा : सुताचे कापड होताना

मराठीत बाज, टोपली, स्वेटर आणि लुगडे ही सर्व ‘विणली’ जातात. क्रियापद एक असले, तरी क्रिया एक नव्हे. स्वेटर एकाच अखंड धाग्याचे टाके परस्परांत गुंतवून होतो. लुगड्यास मात्र एकमेकांस काटकोनात छेदणाऱ्या सुतांचे दोन समूह लागतात. मागावर आधीच ताणून बसविलेले उभे सूत तो ताणा, आणि त्यातून आडवे जाणारे तो बाणा.

‘ताणा’ या शब्दाच्या मुळाशी संस्कृत ‘तन्’ हा धातू आहे. ‘ताण’, ‘तंतू’, ‘तंत्र’ हे शब्द त्याच कुळातले. ‘तंत्र’ या शब्दाचा एक जुना अर्थ मागच होय. ताण्याचे कार्य त्याच्या नावातच सांगितलेले आहे. विणकर पावडी दाबतो तेव्हा ताण्याची एकाआड एक सुते उचलली जातात. मधल्या पोकळीतून धोटा बाण्याचे सूत घेऊन पार होतो आणि फणीच्या ठोक्याने ते विणलेल्या कापडास भिडते. मग खालची सुते वर येतात व धोटा परततो. प्रत्येक फेरीत ताण्याचे सूत ओढलेही जाते आणि घासलेही जाते. बाणा धोट्यातील कांडीवरून केवळ उलगडत जातो. म्हणूनच खळ लावून तंतू चिकटविण्याचा खटाटोप मुख्यतः ताण्याकरिता असतो.

हा भेद खादीच्या प्रयोगात कळीचा ठरला. वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली. तिच्या पाठोपाठ झाकिर हुसेन समितीने आखलेल्या अभ्यासक्रमात कताई-विणाईस मूलोद्योगाचे स्थान मिळाले. परंतु शिकाऊ हाताच्या सुताचा पीळ सारखा नसतो. जेथे तो सैल, तेथे ताणा तुटतो. खादी चळवळीच्या आरंभी अनेक विणकर ताणा गिरणीच्या सुताचा आणि बाणा हातसुताचा घेत, त्याचे कारण हेच. दोन सुते एकत्र पिळल्यास ताणा टिकतो. मात्र सूत व श्रम दोन्ही अधिक लागतात. चरखा सर्वांच्या परिचयाचा आहे, पण त्यावरील सुताची परीक्षा मागावरच होते.

व्यवसायबोलींचा संग्रह करणाऱ्यांनी यातून एक बोध घ्यावा. कोशात ‘ताणा : उभे सूत’ एवढीच नोंद केल्यास दिशा कळते, ताण कळत नाही. शब्दाबरोबर क्रियाही टिपली पाहिजे. माग थांबल्यावर ती कोणास विचारणार?