बंब

बंब : स्नानाचे पाणी तापविण्याचे तांब्याचे घरगुती उपकरण. आग विझविणाऱ्या बंबाशी याचे नावापलीकडे साम्य नाही. नासिक भागात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान पुष्कळदा १०° से. च्या खाली जाते. निफाड परिसरात ते आणखी उतरते. तथापि कडाक्याची थंडी थोड्याच दिवसांची असल्याने सबंध घर उबदार ठेवण्याची यंत्रणा येथे रूढ झाली नाही. उष्णतेची गरज मुख्यतः स्नानाच्या पाण्यापुरती राहिली व ती पिढ्यान् पिढ्या बंबाने भागविली. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नासिक प्रसिद्ध असून बंब घडविणे व दुरुस्त करणे हे तांबटांचे काम होय.

बंबाच्या मध्यभागी उभा नळा असतो. त्याच्या तळाशी जाळी व तीवर विस्तव असतो. नळ्याभोवतीच्या पोकळीत पाणी राहते. काही बंबांना तोटी असते. काहींत वरून थंड पाणी ओतले की तेवढेच गरम पाणी बाहेर येते. २० लिटर पाणी २०° से. पासून ६०° से. पर्यंत तापविण्यास ८०० किलोकॅलरी उष्णता लागते. वाळलेल्या १ किग्रॅ. लाकडापासून सु. ४,००० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे हिशेबाने २०० ग्रॅ. लाकूड पुरावे. प्रत्यक्षात बरीच उष्णता धुराबरोबर निघून जाते, आणि निगा नसलेल्या बंबात ही हानी वाढत जाते.

पाणी असेपर्यंत नळ्याच्या पत्र्याचे तापमान १००° से. च्या फारसे वर चढत नाही. पाणी संपल्यावर विस्तव चालू राहिला, तर तांबे वितळत नाही (वितळबिंदू सु. १,०८३° से.), पण दुरुस्तीत लावलेला कथिल-शिशाचा डाख २०० ते ३०० अंशांच्या आतच सुटतो. शिवाय ठोक्यांनी आलेला पत्र्याचा कठीणपणा जाऊन तो मऊ पडतो. म्हणून आधी पाणी, मग विस्तव हा क्रम कटाक्षाने पाळावा लागतो. वाफ बाहेर पडण्याची वाट कधीही बंद करू नये.

बेसाल्टी खडकातील विहिरींचे पाणी बहुधा कठीण असते. तापविल्यावर त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटाचे विघटन होऊन कार्बोनेटाचा पांढरा थर आत साचतो. हा थर तांब्याच्या मानाने शेकडो पटींनी मंद उष्णतावाहक असल्याने पाणी उशिरा तापते. चिंचेच्या वा लिंबाच्या आंबट पाण्याने तो हळूहळू सुटतो. तीव्र अम्ल वापरल्यास तोटी व सांधे खराब होतात. छिन्नीने खरवडणे तर टाळावेच. बाहेरून बंब चिंच-मिठाने लखलखीत ठेवण्याकडे घरोघरी लक्ष असते, आतल्या थराकडे क्वचितच.

राख रोज काढली नाही, तर जाळीतून हवा येत नाही. नळ्यात काजळी साचली, तर धूर वर ओढला जात नाही. ओल्या लाकडाने काजळी वाढते. अपुऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, वासहीन वायू तयार होतो. रक्तातील हीमोग्लोबिनाशी त्याचा संयोग ऑक्सिजनापेक्षा दोनशेहून अधिक पट सहज होत असल्याने बंद न्हाणीघरात माणूस नकळत बेशुद्ध पडून दगावू शकतो. डोकेदुखी, चक्कर व मळमळ ही पूर्वलक्षणे होत. यास्तव बंब अंगणात किंवा मागील पडवीत पेटविण्याची जुनी रीत योग्य ठरते.

शहरांत बंबाची जागा आता बव्हंशी वायू, वीज व सौर ऊर्जेवरील जलतापकांनी घेतली आहे. वायूवरील जलतापक कोंदट न्हाणीघरात बसविल्यास हाच विषारी वायू साचतो. विजेच्या व सौर जलतापकांत ज्वलन नसल्याने ही भीती नाही. कठीण पाण्याचा थर मात्र त्यांतही साचतो.