बांधावरचा दावा आणि रुग्णशय्या

‘भाऊबंद’ या शब्दापासून मराठीत ‘भाऊबंदकी’ हा शब्द तयार झाला आणि त्याचा अर्थ भावाभावांतील कलह असा रूढ झाला. जालना जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान प्रदेशात तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जमीन वाढत नाही, वारस वाढतात. अंबड-घनसावंगीकडील मोसंबीच्या बागेची वाटणी झाली, तर झाडे मोजून देता येतात. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरविताना मात्र वितुष्ट येते. समृद्धी महामार्गासाठी संपादित झालेल्या जमिनींच्या मोबदल्यासारखी मोठी रक्कम अनेक नावांच्या सातबाऱ्यावर आली, की जुन्या मतभेदांना नवे निमित्त मिळते.

अशा दुरावलेल्या भावंडांपैकी एखाद्यास गंभीर आजार जडला, की वर्षानुवर्षे न बोललेली माणसे रुग्णालयाच्या पायरीवर एकत्र येतात. ‘शेवटी रक्ताचे नाते’ असे म्हणून समाज त्यावर समाधान मानतो. त्यामागे ममता असते, हे खरेच. पण आर्थिक वास्तवही असते. जालन्याहून सुमारे साठ किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात रुग्णाला हलविले, की त्याच्याजवळ कोणी थांबावे, रक्त कोणी द्यावे आणि गावी गुरांचे कोणी पाहावे, हे प्रश्न उभे राहतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा 2023 साली पाच लाख रुपये करण्यात आली. परंतु उशाशी बसणारे माणूस कोणतीही योजना पुरवीत नाही. खेड्यातील कुटुंब हाच अद्याप मोठा विमा आहे आणि भाऊबंदकीने नेमका तोच मोडीत निघतो.

मूत्रपिंड निकामी झाल्यावर ही गरज अधिकच उघडी पडते. 23 डिसेंबर 1954 रोजी बोस्टन येथे मूत्रपिंडरोपणाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा रोनाल्ड हेरिक याने आपल्या जुळ्या भावास, रिचर्ड यास, मूत्रपिंड दिले होते. सख्ख्या भावंडांत ऊतींची पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते. भारतात 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने भाऊ व बहीण यांस निकटच्या नातलगांत स्थान दिले. त्याबाहेरील दात्यास प्राधिकृत समितीची पूर्वमान्यता लागते. म्हणजे ज्याच्याशी बांधावरून दावा चालू असतो, त्याच्याच दाराशी प्रथम जावे लागते.

येथे बहिणीचा विचार वेगळा केला पाहिजे. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तरीही माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी कमी नाहीत. आणि जिने हिस्सा मागितला, तिच्याशी बोलणे बंद होते. पुढे भाऊ आजारी पडल्यावर तिच्याकडूनच त्यागाची अपेक्षा करणे, हा समेट नव्हे. अवयवदान स्वेच्छेने झाले तरच ते दान असते. तिने नकार दिला, तर त्यावरून नवे वैर धरण्याचा अधिकार कोणास नाही.

शिवाय आजाराने घडविलेले ऐक्य टिकतेच असे नाही. 2005 साली राज ठाकरे यांनी शिवसेना सोडली. जुलै 2012 मध्ये उद्धव ठाकरे यांच्या छातीत दुखू लागल्यावर राज दौरा अर्धवट टाकून लीलावती रुग्णालयात धावले आणि त्यांना स्वतःच्या गाडीतून ‘मातोश्री’वर घेऊन गेले. महाराष्ट्राला ते दृश्य भावले. परंतु त्यानंतरही राजकीय मार्ग वेगळेच राहिले. वरळीच्या सभेत हे चुलत भाऊ एका व्यासपीठावर आले ते 5 जुलै 2025 रोजी. चिंतेने दार उघडते. मतभेदाचे मूळ मात्र तेवढ्याने मिटत नाही.

म्हणून समेटासाठी आजाराची वाट पाहणे शहाणपणाचे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 अन्वये सहधारकांच्या संमतीने तहसीलदारांकडून वाटप करून घेता येते. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात असल्याचे बारा वर्षांहून जुने वाद मिटावेत, यासाठी शासनाने 2023 साली ‘सलोखा’ योजना आणली आणि अशा अदलाबदलीच्या दस्तावरील मुद्रांक व नोंदणी शुल्क प्रत्येकी हजार रुपयांवर आणले. कायद्याची वाट मोकळी आहे; पुढाकार घेणारा माणूस हवा.

अनेक घरांत एक भाऊ शेती कसतो आणि दुसरा शिक्षक वा कारकून म्हणून शहरात नोकरी करतो. महिन्याचा पगार ज्याच्या हाती येतो, त्याला दोन गुंठे कमी आले तरी त्याची चूल बंद पडत नाही. शिवाय अर्ज कसा लिहावा, कोणत्या कचेरीत द्यावा, हेही त्याला ठाऊक असते. पहिले पाऊल त्यानेच टाकले पाहिजे, आणि त्या अर्जावर बहिणीचे नावही घातले पाहिजे. सर्व भावंडे धडधाकट असताना हे झाले, तर पुढे रुग्णालयात भेटण्याची वेळ आलीच, तरी कोणी कोणाकडे याचक म्हणून जाणार नाही.