गाडी तापली तर घाई नको

पूर्वी आपल्या गावात बैलगाड्या होत्या. आता घरोघरी फटफटी आहे. जीप, पिकअप, ट्रॅक्टर हेही नवे राहिले नाहीत. बैल दमला की तोंडाला फेस येतो, तो थांबतो. मग आपण त्याला सावलीला बांधतो. इंजिनाला बोलता येत नाही. पण तेही आपल्या खुणांनी सांगत असते. त्या खुणा आपल्याला वाचता आल्या पाहिजेत.

इंजिन तापते का, ते आधी पाहू. इंजिनात डिझेल किंवा पेट्रोल जळते. त्याच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच चाके फिरवण्याच्या कामी येतो. तितकाच हिस्सा धुराबरोबर बाहेर जातो. उरलेली बरीचशी उष्णता इंजिनाच्या लोखंडात शिरते. ती बाहेर काढण्यासाठी इंजिनाभोवती पाणी खेळवलेले असते. एक पंप ते पाणी फिरवतो. तापलेले पाणी पुढच्या जाळीत येते. या जाळीला रेडिएटर म्हणतात. तेथे वारा लागून पाणी निवते आणि पुन्हा इंजिनात जाते. हा फेरा चालू आहे, तोवर चिंता नाही. फेरा अडला की इंजिन तापलेच म्हणून समजा.

घाटात गाड्या जास्त तापतात. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीचा घाट लागतो, मुंबईहून नाशिकला जाताना कसाऱ्याचा. चढावर इंजिनाला जोर फार लागतो आणि गाडी हळू चालते. म्हणजे उष्णता वाढते आणि वारा कमी मिळतो. त्यात वैशाखाचे ऊन आणि गाडीत बेसुमार माल. मग इंजिनाने करावे तरी काय?

आता खुणा पाहू. चालकासमोर एक काटा असतो. तो लाल रेघेकडे सरकू लागतो. काही गाड्यांत काटा नसतो, तांबडा दिवा लागतो. गाडीची ओढ कमी होते. गोडसर वास येतो. शेवटी बोनेटमधून वाफ निघते. शहाण्याने वाफेची वाट पाहू नये. काटा चढू लागला की सावध व्हावे.

अशा वेळी काय करावे?

गाडीतले एसी आधी बंद करावे. थांबायला जागा मिळेपर्यंत हीटर लावावा. आत बसणाऱ्यांना उकडेल, पण इंजिनातली थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडेल. सोयीची जागा दिसताच गाडी कडेला घ्यावी. इंजिन बंद करावे, हातब्रेक ओढावा, धोक्याचे दिवे लावावेत. चढावर चाकामागे दगड लावावा. निघताना तो दगड आठवणीने रस्त्याबाहेर टाकावा. नाही तर मागून येणाऱ्या फटफटीवाल्याचा जीव जायचा.

मग थांबावे. निदान अर्धा तास तरी थांबावे. वाफ येत असेल तर ती पुरी थांबल्यावरच बोनेट उघडावे. पंख्याजवळ हात नेऊ नये. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही एकाएकी फिरू लागतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आमच्या शेजारच्या गावची हकीगत आहे. टोमॅटोचे क्रेट भरून एक पिकअप बाजाराला निघाली होती. घाटात वाफ आली. बाजार चुकेल म्हणून गाडीवरचा पोरगा झाकण फिरवू लागला. “अरं, थांब! हात लावू नको!” त्याचा चुलता ओरडला. पण तोवर उकळते पाणी कारंज्यासारखे उडाले होते. पोराचा हात, मान आणि गाल भाजला. बाजार चुकला तो चुकलाच, वर पोरगा महिनाभर अंथरुणाला खिळला.

असे का होते? उघड्या भांड्यात पाणी सुमारे १०० अंशांना उकळते. रेडिएटर मात्र घरच्या कुकरसारखा घट्ट बंद असतो. आत दाब असल्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर तापले तरी उकळत नाही. झाकण निघाले की दाब जातो आणि ते पाणी एका क्षणात उसळून बाहेर येते. कुकरची वाफ जिरण्याआधी घरची बाई झाकण काढते का? तोच नियम येथे.

कोणी भाजलेच, तर भाजल्या जागेवर २० मिनिटे साधे गार पाणी सोडावे. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नये. लगेच दवाखान्यात न्यावे.

इंजिन निवल्यावर तपासणी करावी. प्लॅस्टिकच्या डबीत पाणी दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी असेल तर झाकणावर जाड फडके धरावे, तोंड बाजूला करावे आणि झाकण हळूहळू फिरवावे. फुस्स आवाज आला तर हात थांबवावा. पाणीही हळूहळू घालावे. कंदिलाच्या तापल्या काचेवर थंड पाणी पडले की ती तडकते. तापल्या इंजिनाचेही तसेच होते.

पाणी का कमी झाले, तेही शोधावे. गाडीखाली हिरवे, तांबडे किंवा निळे बुळबुळीत पाणी दिसले, तर रबरी नळी, पंप किंवा रेडिएटर गळतो आहे. एसीचे साधे पाणी टपकत असेल तर भिऊ नये. पाणी पुरेसे आहे आणि तरी गाडी तापते, तर पट्टा तुटला का, पंखा फिरतो का, ते पाहावे. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या जाळीत भुसा अडकतो, वारा बंद होतो. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले किंवा मागून सारखा दाट पांढरा धूर आला, तर पाणी आत शिरले आहे असे समजावे. मग गाडी चालू करू नये, ओढूनच न्यावी.

“गॅरेज जवळच आहे, तेवढं जाऊ या,” असे पुष्कळजण म्हणतात. तापलेले लोखंड वाकते आणि इंजिन जाम होते. शंभरांत भागणारे काम हजारांवर जाते.

रेडिएटरमध्ये नुसते पाणी न घालता कूलंट मिसळून घालावे. अडचणीत साधे पाणी चालते, पण पुढे मिस्त्रीकडून ते बदलून घ्यावे. कूलंट चवीला गोड, पण विषारी असते. ते उघड्यावर सांडू नये, पाण्याच्या बाटलीत ठेवू नये. लहान मूल किंवा जनावर ते पिऊन दगावू शकते.

आठवड्यातून एकदा, सकाळी इंजिन थंड असताना, पाणी आणि पट्टा पाहावा. जाळीतला भुसा काढावा. या कामाला पाच मिनिटे पुरतात. आणि एवढे करूनही गाडी तापलीच, तर झाडाच्या सावलीला अर्धा तास बसावे. बाजार पुन्हा भरतो. भाजलेला हात आणि फुटलेले इंजिन यांना मात्र फार दिवस लागतात.