गावाच्या आरोग्याची मोट

एखाद्या गावाचे किंवा वस्तीचे आरोग्य सुधारायचे म्हणून निरनिराळ्या थरांतली माणसे ठरवून एकत्र येतात, कामे वाटून घेतात आणि वर्षानुवर्षे ती निभावतात, तेव्हा त्या गावात आरोग्याची लोकआघाडी उभी राहिली असे म्हणता येते. तिच्यात डॉक्टर असतात. त्यांच्या बरोबरीने आशा, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत सदस्य, बचत गट, शिक्षक, तरुण मंडळ आणि कधी कधी गावातला किराणा दुकानदारही असतो. अशा जुळणीला मराठीत मोट बांधणे म्हणतात.

ही मोट बांधावी लागते, कारण आजाराची मुळे दवाखान्याच्या आवाराबाहेर असतात. जुलाबाची साथ येते ती पाण्यातून, आणि पाणीपुरवठा ग्रामपंचायतीच्या हातात असतो. बाळाचे वजन कमी भरते त्यामागे आईचे कोवळे वय असते, तिच्या ताटातली तूट असते आणि दिवस भरत आले तरी न सुटलेली मजुरी असते. घरातल्या दारूचा मार बाईच्या पाठीवर बसतो आणि मुलांच्या पोटावरही. प्राथमिक आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारी कितीही तळमळीचा असला, तरी यातले काहीच त्याला एकट्याला हलवता येत नाही.

महाराष्ट्रात या कामाचा सर्वांत गाजलेला दाखला जामखेडचा. वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या कायम दुष्काळी तालुक्यात आले. त्या वेळी तिथे हजार जिवंत जन्मांमागे सुमारे १७६ बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती. तरीही लोकांना विचारल्यावर दवाखाना त्यांच्या यादीत वर आला नाही. अन्न आणि पाणी हे त्यांचे पहिले मागणे होते. आरोळे दांपत्याने ते मागणे आरोग्याचेच मानले, आणि पुढचे सगळे या एका निर्णयातून घडत गेले.

१९७२ चा दुष्काळ पडला. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी गावोगाव अन्न शिजू लागले, विंधनविहिरी घेतल्या जाऊ लागल्या. बोअर कुठे घ्यायची हा प्रश्न भूगर्भाचा होता तसाच जातीचाही होता. बोअर दलित वस्तीत घेण्याचा आग्रह प्रकल्पाने धरला. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर लांब उभे राहावे लागे, त्यांच्या अंगणात पाणी आले आणि बाकीचे गाव हंडे घेऊन तिथे जाऊ लागले. समतेवरच्या कितीतरी भाषणांनी झाले नसते ते काम त्या हातपंपाने केले. तरुणांना एकत्र आणायला व्हॉलीबॉल उपयोगी पडला. खेळ संपल्यावर पोरे मैदानावर रेंगाळत, बोलणे पिकाकडे, बांधबंदिस्तीकडे, झाडे लावण्याकडे वळे, आणि त्यातून शेतकरी मंडळे आकाराला आली. महिला मंडळे त्यांच्या मागोमाग उभी राहिली. आधी विश्वास आणि मग संघटना, हा क्रम इथे स्पष्ट दिसतो. आदेश काढून समिती नेमणारे नेमका हाच क्रम उलटा करतात.

आरोग्य कार्यकर्तीच्या बाबतीत जामखेडचा पहिला प्रयत्न फसला होता. प्रशिक्षित परिचारिका गावात पाठवल्या, पण बाहेरून आलेल्या एकट्यादुकट्या तरुणींना तिथे राहणे अवघड गेले आणि गावाचेही त्यांच्याशी जमले नाही. मग गावालाच आपल्यातली बाई निवडायला सांगण्यात आले. निवडल्या गेलेल्यांत अनेक दलित होत्या, अनेकींना अक्षरओळख नव्हती. दर आठवड्याला त्या जामखेडला जमत, एकत्र जेवत आणि रात्री एकाच मोठ्या गोधडीखाली झोपत. ज्या काळात शिवाशिव घरोघर पाळली जात होती, त्या काळात ती गोधडी हाही प्रशिक्षणाचाच भाग होता. दिवसा गावातल्या खऱ्या प्रकरणांची उजळणी होई: कोणाचे बाळ वाढत नाही, कोण गरोदर आहे, कोणाचा खोकला थांबत नाही. शिकलेले घेऊन बाई गावी परते आणि पुढच्या आठवड्यात नवे प्रश्न घेऊन येई. दोन-अडीच दशकांत तिथला बालमृत्यूदर मूळच्या एक चतुर्थांशाहून खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकांच्या हाती असलेल्या आरोग्यकार्यावर ग्रंथ काढला, त्यात जामखेडवर प्रकरण होते. तीनच वर्षांनी अल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला आणि लोकसहभाग हे त्याचे एक मुख्य तत्त्व ठरले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ मध्ये आणि डॉ. रजनीकांत २०११ मध्ये गेले. काम पुढच्या पिढीने चालू ठेवले.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ संस्था सुरू केली. तिच्या सुरुवातीच्या दिवसांतली एक चूक या विषयावर कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त शिकवते, आणि डॉ. अभय बंग यांनी ती स्वतःच खुलेपणाने सांगितली आहे. आदिवासींमधल्या सिकलसेल आजाराचा शोध घेऊन त्यांनी महत्त्वाचा अभ्यास केला, पण तो प्रश्न लोकांनी विचारलेला नव्हता. त्यामुळे त्यातून लोकांची हालचाल घडली नाही. पुढे विचारण्याची रीत पडली. दवाखाना कसा असावा हेही आदिवासींनाच विचारले गेले आणि ओळखीच्या पाड्यासारखी, नातेवाइकांना सोबत राहता येईल अशी रचना झाली. दवाखान्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. गावोगावच्या प्रतिनिधींची आरोग्य संसद भरू लागली आणि त्रास कोणता मोठा हे तिथे ठरू लागले.

बायकांनी सांगितलेला त्रास दारूचा होता. वैद्यकीय संस्थेच्या चौकटीत न बसणारा हा विषय सर्चने आपला मानला. गावे, महिला मंडळे आणि सामाजिक संघटना जोडल्या गेल्या. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. कायद्याने बंद झालेली दारू चोरवाटेने येत राहते, म्हणून २०१६ पासून शासन, टाटा ट्रस्ट्स आणि सर्च यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ हा दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रम जिल्हाभर चालवला. त्यात गावसमित्या आहेत, व्यसन सोडू पाहणाऱ्यांसाठी तालुक्याच्या ठिकाणी उपचार आहेत. याच जिल्ह्यात गावातल्या आरोग्यदूत स्त्रियांनी घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला. हा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला, आणि आज देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात त्यांचा एक उगम तिथे आहे.

जामखेड आणि गडचिरोली ही असामान्य माणसांनी उभी केलेली कामे आहेत. ती माणसे प्रत्येक तालुक्याला मिळत नाहीत. मग सर्वसाधारण गावाने काय करायचे? २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने या प्रश्नाला एक चौकट दिली. प्रत्येक महसुली गावात आरोग्य, पोषण, पाणी आणि स्वच्छता यांची एक समिती, तिला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतचा अबंधित निधी, आणि निम्म्या तरी जागांवर स्त्रिया. कागदावर ती हजारो गावांत आहे. प्रत्यक्षात कित्येक सदस्यांना आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नसते, सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात आणि निधी फवारणी-फिनाइलवर संपतो.

समितीत जीव कसा येतो, हे लोकाधारित देखरेखीच्या उपक्रमाने दाखवले. २००७ मध्ये हा प्रयोग नऊ राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रात तो अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचे उस्मानाबाद, आताचे धाराशिव, या पाच जिल्ह्यांपासून पुढे पसरला. राज्य पातळीवर समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होता. पद्धत साधी होती. गावकऱ्यांनी जमून आपल्याला मिळणाऱ्या सेवांना रंग द्यायचा: चांगल्या सेवेला हिरवा, मध्यमला पिवळा, वाईटाला लाल. नर्सबाई ठरल्या दिवशी येतात का, लसीकरण वेळेवर होते का, औषधे केंद्रात मिळतात की बाहेरची चिठ्ठी हातात पडते, अशा एकेका प्रश्नावर बोलणे होई. ज्यांना तक्रारअर्ज लिहिता येत नाही त्यांनाही लाल रंग दाखवता येतो, आणि भिंतीवर लावलेला तक्ता फायलीसारखा कपाटात जात नाही.

त्यापुढची पायरी जनसुनवाईची. आरोग्य केंद्राच्या आवारात मांडव पडे, एका बाजूला गावकरी, समोर वैद्यकीय अधिकारी, पंचायत समितीचे लोक आणि पत्रकार. बाळंतपणाला पैसे मागितले, उपकेंद्राला कुलूप होते, गाडीत डिझेल नव्हते, असे अनुभव बायका उभ्या राहून सांगत. अधिकाऱ्यांना सुरुवातीला हा हल्ला वाटे. हळूहळू काहींच्या लक्षात आले की रिकामी पदे, गळके निवासस्थान, न पोचलेला औषधसाठा ही त्यांचीही गाऱ्हाणी आहेत आणि लोकांनी ती मांडली तर वरचे ऐकतात. तक्रार करणारा आणि उत्तर देणारा मिळून वरच्या कार्यालयाकडे मागणी करू लागले, तिथे आघाडी खऱ्या अर्थाने जन्माला आली. देखरेख म्हणजे भांडण ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते.

शहरांसाठी २०१३ च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात पन्नास ते शंभर घरांमागे महिला आरोग्य समितीची तरतूद झाली. भाड्याने राहणारी, सतत जागा बदलणारी कुटुंबे असलेल्या वस्त्यांत ती टिकवणे गावापेक्षा कितीतरी अवघड आहे.

आघाडी उभारण्यापेक्षा टिकवणे कठीण, याचा सर्वांत लांब पल्ल्याचा अनुभव फिनलंडच्या नॉर्थ करेलिया प्रांताचा आहे. हृदयविकाराने ऐन उमेदीतले पुरुष दगावत होते, म्हणून १९७१ मध्ये तिथल्या लोकप्रतिनिधींनी सरकारकडे अर्ज केला आणि १९७२ मध्ये तरुण डॉक्टर पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. मार्था या गृहिणींच्या संघटनेने गावोगाव कमी चरबीचा स्वयंपाक शिकवला. गावांमध्ये कोलेस्टेरॉल कमी करण्याच्या स्पर्धा लागल्या. लोणी कमी खा म्हटल्यावर दूध उत्पादक बिथरणार हे उघड होते. त्यांच्यासाठी बेरीची फळे पिकवण्याचा पर्याय उभा करण्यात आला. ज्याचे नुकसान होणार त्याला शत्रू न ठरवता वाटेकरी करणे, ही या प्रकल्पाची सर्वांत मोठी हुशारी. पाच वर्षांसाठी आखलेले काम १९९७ पर्यंत चालले आणि चार दशकांत कामकऱ्या वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.

मोट सुटते ती बहुधा ठरावीक जागी. पहिली जागा श्रेयाची: यश आले की फलकावर कोणाचे नाव, यावरून माणसे दुरावतात. दुसरी पैशाची. हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचला जातो तिथे संशयाला जागा उरत नाही, आणि दहा हजारांचा हिशेब वाचायला दहा मिनिटेही लागत नाहीत. उत्साही अधिकाऱ्याची बदली हे तिसरे कारण. ठरलेल्या गोष्टी इतिवृत्तात नसतील तर त्याच्याबरोबर त्याही जातात. सर्वांत दुर्लक्षित राहते ते कष्टाचे वाटप. बैठकीचा निरोप, नोंदी, रुग्णासोबत तालुक्याला जाणे, हे सगळे आशाच्या खांद्यावर टाकून बाकीचे सदस्य मोकळे होतात. अशी आघाडी त्या एका बाईच्या थकण्यापर्यंतच चालते. बैठक दर वेळी ग्रामपंचायतीच्या कचेरीत घेतली तर वस्तीवरच्या बायका येत नाहीत. ती कधी अंगणवाडीत, कधी पाड्यावर, आणि मजुरीची वेळ टाळून घ्यावी लागते. तीन महिन्यांत डोळ्यांना दिसेल असे एखादे छोटे काम पुरे होणेही गरजेचे असते. पाण्याच्या टाकीची साफसफाई, उपकेंद्रात प्रसूतीच्या खोलीला दिवा, असे काहीही. त्याने लोकांचा पुढच्या बैठकीवर विश्वास बसतो.

आपल्या गावाच्या आरोग्य समितीत कोण आहे, तिची शेवटची बैठक कधी झाली आणि यंदाचा निधी कशावर खर्च झाला, एवढे वाचकांनी येत्या ग्रामसभेत जरूर विचारावे. विचारायला एकटे जाऊ नये. शेजारच्या चार घरांतल्या बायकांना सोबत न्यावे.